गवताळ बोडीत (गावच्या छोट्या तळ्यात) स्पूनवर मरळ कशी पकडायची

अमेरिकेतले लोक गवतात लपणाऱ्या बास माशासाठी स्पून फेकतात, म्हणजे चमच्यासारखा, गळ लावलेला धातूचा नकली चारा. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात बास नाही, पण मरळ आहे अन् तीही तशीच दबा धरून बसते, त्यामुळे हा स्पून आपल्याकडेही चालते.

पहिले परवानगी. बहुतेक तलाव मच्छीमार सोसायटीकडे ठेक्यानं असतात, ढिवर भाऊंना विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

तीन काट्यांचा साधा स्पून घेऊ नका, दर फेकीला नुसतं गवत येते. वीडलेस म्हणजे गवतात न अडकणारा घ्या, 10 ते 15 ग्रॅमचा, एकच गळ अन् टोकापुढे तार असलेला. ती तार बोटानं दाबून पाहा, सहज दबली पायजे अन् सोडली की जागेवर आली पायजे, कडक असली तर मरळ तोंडात घेते पण गळ रुतत नाही. दोरी ब्रेडेड म्हणजे विणलेली, 30-40 पौंड ताण सोसणारी, नायलॉन ताणते म्हणून गवतात कामाचा नाही. स्पून फिरून दोरीला पीळ पडतो, स्विव्हल म्हणजे फिरती कडी लावाच.

आता फेकायचं कुठं? सकाळी किंवा ऊन उतरल्यावर कडेला उभं राहून पाहा, मरळ हवा घ्यायला वर येतेच, कमळाच्या पानांत कुठंतरी भुळुक करून पाणी हलते. बरोबर तिथंच स्पून टाकला तर मरळ बिचकते, तिच्या तीनेक मीटर पुढं टाका, रॉडचं टोक वर ठेवा अन् स्पून पाण्याला लागताच रील फिरवायला लागा म्हणजे तो गवतावरून सरकत येईल. मोकळ्या पाण्याची जागा आली की थांबा, स्पूनला फडफडत खाली जाऊ द्या. माझ्या मते सगळा खेळ इथंच आहे, घाई करणारा रिकामा जातो. बुडताना दोरीवर नजर ठेवा, जरा झटका बसला की लगेच रॉड झटक्यानं ओढा, रबरी बेडकाचा नकली चारा वापरताना थांबतो तसं थांबायचं नाही, लोखंड तोंडात लागलं की मरळ थुंकते. मग ढील द्यायचीच नाही, खाली गेली तर गवतात गुंडाळून घेते.

पावसाळ्यात लाल पिल्लांचा थवा दिसला तर सोडून द्या, त्याखाली आईबाप राखण करत असतात.

दात टोकदार असतात, गळ पकडीनंच काढा. अन् स्पून अडकला तर बांधावरून बाजूला जाऊन दुसऱ्या दिशेनं ओढा, पाण्यात उतरू नका, गाळ किती खोल आहे वरून समजत नाही अन् शिंगाड्याचे काटे वेगळेच.