कन्सल्टिंगमध्ये बढती अडते कुठे? या चुका टाळा

कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना सल्ला देण्याच्या व्यवसायात, पहिली काही वर्षं बहुतेक मुलींची छान जातात. काम वेळेत होतं, आकडे बिनचूक असतात, क्लायंटही खूश असतो. मॅनेजर व्हायची वेळ येते आणि तिथे सगळं अडतं. अप्रेझलमध्ये ‘तिच्याशिवाय प्रोजेक्ट हलत नाही’ असं कौतुक होतं आणि बढती दुसऱ्या कुणाला तरी मिळते. हुशारी किंवा मेहनत कमी पडली म्हणून असं झालेलं मी फार क्वचित पाहिलं. क्लायंटची काळजी घ्यायची म्हणजे क्लायंट म्हणेल ते करायचं, ही समजूत बहुतेकदा मुळाशी असते. त्या समजुतीतून ऑफिसला फुकटात बरंच काम मिळतं, त्यामुळे ती दूर करायची घाई तिथेही कुणाला नसते. पुढच्या चुकांपैकी पहिली सगळ्यांत महाग पडते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

‘हेही जरा बघता का?’ला जागच्या जागी हो म्हणणं

करारातलं काम संपत आलंय, तरी टीम रात्री उशिरापर्यंत बसते आहे. प्रोजेक्टचं मार्जिन (फीतून खर्च वजा जाता उरणारा नफा) घसरतंय आणि का घसरतंय ते कुणालाच नीट सांगता येत नाही. असं दिसलं की आधी गेल्या महिन्याभरात फोनवर काय काय कबूल केलं ते आठवून लिहून काढा.

समजा, पुरवठादारांवरचा खर्च कमी कसा करायचा याचा अभ्यास चालू आहे. खरेदी विभागाचे प्रमुख मीटिंग संपता संपता म्हणतात, ‘डेटा आहेच तुमच्याकडे, गोदामांचंही जरा बघता का?’ मागणी साधी वाटते. पण पुरवठादारांच्या बिलांवरून गोदामाबद्दल फारसं काही कळत नाही. माल किती दिवस पडून राहतो, कोणत्या वस्तूची ने-आण किती वेळा होते, सिस्टीममधला साठा आणि प्रत्यक्ष मोजणी यांत तफावत किती, ही माहिती वेगळी असते आणि वेगळ्या माणसांकडे असते. ती गोळा करता करता मूळ अहवालाची तारीख हुकते. पुढे क्लायंटच्या लक्षात राहते ती हुकलेली तारीख. गोदामाचं काम तुम्ही आपुलकीने केलं होतं हे कुणाला आठवत नाही.

अशा वेळी तिथल्या तिथे एवढंच विचारावं: ‘यावरून तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचाय आणि कधीपर्यंत?’ पुष्कळदा उत्तर देतानाच समोरच्याच्या लक्षात येतं की हे काम आत्ता लागणारच नाहीये. लागणार असेल तर त्याच दिवशी मेल करा. तो असा असू शकतो:

‘गोदामांचा विषय महत्त्वाचा आहे, पण सध्याच्या करारात तो येत नाही. तीन मार्ग दिसतात. पुरवठादारांपैकी लहान गट वगळून त्या वेळेत हे करता येईल. किंवा वाढीव वेळ आणि फीसह करारात बदलाची लेखी विनंती (चेंज रिक्वेस्ट) पाठवते. किंवा हा अहवाल झाल्यावर स्वतंत्र काम म्हणून घेऊ. तुम्हाला कोणता सोयीचा वाटतो ते कळवा, तोवर आम्ही ठरलेलं काम चालू ठेवतो.’

यात कुठेही नकार नाही, पण काम वाढलं तर वेळ आणि पैसेही वाढतील हे स्पष्ट आहे. हा मेल आपल्या पार्टनरला, म्हणजे प्रोजेक्टची अंतिम जबाबदारी असलेल्या फर्ममधल्या वरिष्ठांना, आधी दाखवा. परस्पर पाठवला तर तो वरून मोडला जाण्याची शक्यता असते आणि मग क्लायंटसमोर तुमच्या शब्दाला वजन उरत नाही. फी ठरावीक असेल तर जादा तास आपल्याच मार्जिनमधून जातात. तासांवर बिल लागत असेल तर महिनाअखेरीस क्लायंट चिडतो. दोन्हीकडे लेखी नोंदच वाचवते. एखादं छोटं काम फुकट करून द्यायलाही हरकत नाही, फक्त ‘हे कराराबाहेरचं आहे, या वेळी करून देतो’ एवढं वाक्य लिहून जाऊ द्या.

उत्तर शेवटच्या स्लाइडवर ठेवणं

बार्बरा मिंटो 1963 मध्ये मॅकिन्झी या कन्सल्टिंग फर्ममध्ये रुजू झाल्या. एमबीए झालेली कन्सल्टंट म्हणून त्या फर्मने घेतलेल्या त्या पहिल्या स्त्री. निष्कर्ष आधी, त्याखाली कारणं, त्याखाली पुरावे, ही आज अनेक कन्सल्टिंग फर्ममध्ये शिकवली जाणारी मांडणी त्यांनी घडवली. तरीही अनेक जणी उलट्या क्रमाने बोलतात: आधी पद्धत, मग डेटा, मग विश्लेषण, आणि निष्कर्ष येईपर्यंत संचालक पुढच्या मीटिंगला निघालेले असतात. यामागची भीती खरी आहे. ‘तुम्हाला कसं माहीत?’ हा प्रश्न बाईला जास्त वेळा विचारला जातो, म्हणून ती आधीच सगळे पुरावे मांडून ठेवते.

पुरावे जरूर तयार ठेवा, फक्त ते मागे परिशिष्टात असू द्या. डेक (स्लाइडचा संच) पाठवण्यापूर्वी फक्त स्लाइडची शीर्षकं सलग वाचून पाहा. ‘विभागवार विक्रीचे विश्लेषण’ या शीर्षकातून काहीच कळत नाही. ‘विक्रीतली जवळजवळ सगळी घट एकाच विभागातली आहे’ यातून कळतं. निष्कर्ष कटू असेल तर तो स्टीअरिंग कमिटीत, म्हणजे प्रोजेक्टवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठांच्या बैठकीत, पहिल्यांदा फोडू नका. ज्यांच्या विभागाबद्दल तो आहे त्यांना आदल्या दिवशी भेटा, आकडे दाखवा, त्यांची बाजू ऐका. कधी कधी तुमच्या डेटातली चूकही तिथेच सापडते.

मीटिंगच्या नोंदी कायम तुमच्याकडेच

नोंदी घेणं, वर्कशॉपची जुळवाजुळव, नव्या मुलांची ओळखपरेड, भरतीच्या मुलाखतींचं वेळापत्रक. ही कामं कुणीतरी करायलाच हवीत, पण त्यांचे तास बिलात बसत नाहीत. युटिलायझेशन मोजताना उपलब्ध तासांपैकी बिल झालेले तास धरतात, त्यामुळे नुकसान सरळ आकड्यात दिसतं.

याला स्वभावाचा दोष समजू नका. लिंडा बॅबकॉक, लिसे वेस्टरलुंड या अर्थतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बढतीला उपयोग नसलेल्या कामाची विचारणा स्त्रियांना पुरुषांपेक्षा 44 टक्के जास्त वेळा झाली. विचारल्यावर पुरुषांनी 51 टक्के वेळा होकार दिला, स्त्रियांनी 76 टक्के वेळा. गटात सगळे पुरुषच असले की तेही स्त्रियांच्या गटाइतकेच पुढे आले. म्हणजे गटात बाई असली की ते काम तीच करेल, हे सगळे धरून चालतात.

म्हणून एकटीने ‘नाही’ म्हणण्यावर सगळा भार टाकू नये. पाळी लावा. प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी नोंदी कोणत्या आठवड्यात कुणाकडे हे तक्त्यात लिहिलं, की दर वेळी कुणाला नकार द्यावा लागत नाही. तुम्ही स्वतः मॅनेजर असाल तर हे काम तुमचंच आहे. ‘कोण घेतंय?’ असं खोलीत विचारूच नका, नाव घेऊन वाटून द्या.

एकाच माणसाच्या भरवशावर क्लायंट

तुमचं ज्यांच्याशी जमतं ते अधिकारी बदलले की काम थांबतं. त्यांच्या वरच्या आणि खालच्या पातळीवर प्रत्येकी एक तरी माणूस तुम्हाला नावाने ओळखत असावा. एवढं पुरे.

सल्ला देणारे भरपूर, शब्द टाकणारं कुणी नाही

बढतीचा निर्णय होतो त्या खोलीत तुम्ही नसता. तिथे तुमच्या बाजूने बोलणाऱ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी हवं. ‘खूप मेहनती आहे’ हे वाक्य तिथे फार टिकत नाही. तिच्या कामावरून क्लायंटने कोणता निर्णय घेतला, नंतर कोणतं काम दिलं, हे टिकतं. प्रत्येक प्रोजेक्ट संपताना याच दोन गोष्टी चार ओळींत लिहून पार्टनरला पाठवा. आणि पुढच्या प्रपोजलमधला (नवं काम मिळवण्यासाठी क्लायंटला द्यायच्या प्रस्तावातला) एखादा भाग स्वतःहून मागून घ्या. मॅनेजरच्या वरच्या पातळीवर काम मिळवण्याची क्षमता बघतात, आणि जिने कधी प्रपोजलच लिहिलं नाही तिच्याकडे ती दाखवायला जागाच नसते.

रजेआधी न बोलणं

मातृत्वाच्या रजेवरून परतणाऱ्या सहकारी मैत्रिणीला ‘आता प्रवास नको असेल तिला’ असं परस्पर ठरवून मागच्या फळीतलं काम दिलं जातं. देणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला असतो, तरी तिचे क्लायंट मात्र कायमचे दुसऱ्याकडे जातात. रजेवर जाण्याआधी तीन गोष्टी लेखी ठरवा: कोणता क्लायंट कुणाकडे तात्पुरता आहे, परत आल्यावर पहिली भेट कुणासोबत आणि साधारण कधी, आणि प्रवासाबद्दल तुमचं स्वतःचं म्हणणं काय. रजेत ते बदललं तर तसं तुम्हीच कळवाल, हेही त्यात लिहा. तात्पुरता क्लायंट सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला आणि स्टाफिंग बघणाऱ्यांना (कुणाला कोणत्या प्रोजेक्टवर घ्यायचं ते ठरवणाऱ्यांना) त्याची प्रत द्या, कारण रजेच्या काळात पार्टनर बदलू शकतो.