औषधसाठ्याची नोंद मिळवा, मग ग्रामसभेत बोला

प्राथमिक आरोग्य केंद्रात "औषध संपलंय, बाहेरून आणा" असं वारंवार ऐकावं लागत असेल, तर ग्रामसभेत नुसता आवाज चढवून काही हाती लागत नाही. "वरूनच साठा येत नाही," एवढ्या उत्तरावर विषय गुंडाळला जातो. म्हणून आधी तीन तारखा मिळवा: औषध कधी संपलं, मागणीपत्र कधी गेलं, पुरवठा कधी आला.

त्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करा. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना) भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही, पण पुरावा जोडावा लागतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय चालतो, तोही १५० शब्दांच्या आत.

बहुतेक अर्ज फसतात ते "औषधं का नाहीत?" असं विचारल्यामुळे. कारणमीमांसा करणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. दप्तरात असलेला कागद देणं आहे. म्हणून असं लिहा: "ओआरएस, पॅरासिटामॉल, लोहाच्या गोळ्या व सर्पदंशावरील प्रतिविष (अँटी-स्नेक व्हेनम) यांच्या साठा नोंदवहीतील १ एप्रिल ते ३० सप्टेंबरची पाने व त्याच काळातील मागणीपत्रे, साक्षांकित प्रती." रुग्णांची नावं मागू नका. ती खासगी माहिती म्हणून नाकारली जाते, आणि शेजाऱ्याचं दुखणं चव्हाट्यावर आणायचं आपल्याला कारणही नाही.

पोच घेताना आवक क्रमांक आणि तारीख पाहून घ्या. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचंच काम. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला २० रुपयांचा स्टँप लागतो.

पानं हाती आली की 'शिल्लक'चा रकाना बोट ठेवून वाचा. समजा, ३ जूनला शिल्लक शून्य आणि मागणीपत्र २० जूनचं, तर ढिलाई केंद्राची. मागणी मे महिन्यातच गेली आणि माल जुलैत आला, तर जाब पुरवठा करणाऱ्या वरच्या कार्यालयाला विचारायचा. तिथे डॉक्टर आणि नर्सवर खेकसणं अन्यायाचं आहे. साठा असताना रुग्णांना बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली गेली असेल, तर प्रश्न वाटपाचा. मुदत संपल्याची तारीखही पाहा. गोळ्या कपाटात पडून वाया गेलेल्या असू शकतात.

आता ग्रामसभेच्या सूचनेआधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) विषय लेखी द्या, नाहीतर "विषयपत्रिकेत नाही" म्हणून तो टळतो. ठरावात "सुविधा सुधाराव्यात" असलं मोघम वाक्य नको. कोणतं औषध, किती दिवस शून्यावर होतं, कोणी काय करायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढं हवं. आशाताई आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सदस्यांना प्रती आधी दाखवा. ठराव इतिवृत्तात जसाच्या तसा उतरला का, ते वाचून घ्या. मग त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकारी आणि केंद्राची रुग्ण कल्याण समिती, दोघांकडे पोच घेऊन द्या.