जुळे सोलापुरातली हवा: ऋतू बघून काय करावं

प्रदूषण म्हटलं की दिल्लीचं धुरकं डोळ्यांसमोर येतं. सोलापुरातलं दुखणं मुख्यतः धुळीचं आहे. काळ्या मातीचे मोकळे प्लॉट, पाइपलाइनसाठी उकरून कसेबसे बुजवलेले रस्ते, जागोजागी चाललेली बांधकामं आणि त्यात पाऊस कमी. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात २०१९ मध्ये सोलापूरचं नाव आलं ते उगाच नाही. त्यामुळे महागडा एअर प्युरिफायर घेण्याआधी पुढचं करून बघा.

आधी आकडा वाचायला शिका. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ ॲप मोबाइलवर घ्या. त्यात दिसणारा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) ५० पर्यंत असेल तर हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे वाईट. ‘मध्यम’ शब्दावर जाऊ नका. दमेकरी, हृदयरोगी, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना त्रास तिथूनच सुरू होतो. शिवाय हा आकडा साधारण २४ तासांच्या सरासरीचा असतो. पहाटे कोणी कचरा पेटवला तर तो धूर त्या सरासरीत विरघळून जातो, तुमच्या नाकात मात्र जातोच. आकड्याबरोबर कोणता घटक जास्त आहे तेही दिलेलं असतं. पीएम १० (हवेतले जरा मोठे कण) असेल तर बहुधा धूळ: नाक चोंदणं, घसा खवखवणं, शिंका. पीएम २.५ असेल तर धुराचा संशय घ्या. हे बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात.

हिवाळ्यात फिरायला जायची वेळ बदला. हे सांगितलं की ज्येष्ठ मंडळी रागावतात, कारण ‘पहाटेची शुद्ध हवा’ आपल्या अंगात मुरलेली आहे. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी निरभ्र रात्री जमीन झपाट्यानं गार होते, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली अडकते आणि शेकोट्या, कचरा, वाहनं, शेतात जाळलेलं पाचट या सगळ्यांचा धूर तिथेच साचून राहतो. उन्हानं जमीन तापली की तो वर जातो. म्हणून साडेपाचला न निघता नऊनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास फिरा, तेही विजापूर रोड, होटगी रोड सोडून आतल्या गल्ल्यांतून. खिडक्याही दुपारीच उघडा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर दमेकऱ्याला न्यायचं असेल, तर शोभेच्या दारूकामाची रात्र तेवढी टाळा.

कोरडा झाडू थांबवा. झाडूनं खाली बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते आणि बराच वेळ तरंगत राहते. आधी फर्निचर ओल्या फडक्यानं पुसा, मग फरशी. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा सल्ला देताना जीभ अडखळते, पण कपडे विसळलेलं शेवटचं पाणी अंगणात शिंपडायला चालतं. झाडायच्या आधी सडा टाकायची जुनी रीत धुळीवर उत्तम उपाय आहे. दारातला पाला पेटवू नका, खड्ड्यात कुजवा. शेजारी कचरा जाळत असतील तर आधी बोला. नाहीच ऐकलं तर फोटो काढून महापालिकेकडे तक्रार करा. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांतही मनाई होती.

मास्क नीट निवडा. दुचाकीवर तोंडाला गुंडाळलेला रुमाल किंवा स्कार्फ ऊन अडवतो आणि जाड धूळ थोडीफार. धुरातले बारीक कण अडवायला एन ९५ लागतो, तोही नाकावरची पट्टी दाबून, कडेनं फट न ठेवता. दाढीवर तो नीट बसत नाही.

उन्हाळ्यात गणित उलटं. तेव्हा पहाटच बरी; दुपारी उन्हाबरोबर जमिनीलगतचा, श्वासाला त्रास देणारा ओझोन वायू वाढतो आणि वावटळी धूळ उडवतात. कूलर सुरू करण्याआधी त्याचं गवत बदला, टाकी घासा. जुन्या ओल्या गवतात बुरशी धरते आणि तीच हवा रात्रभर तोंडावर येते. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटवरचं गाजरगवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. त्याच्या परागांनी शिंका येतात आणि ते अंगाला लागलं तर पुरळही उठतं.

घरात दमेकरी असेल तर हंगाम सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा. रोजचा प्रतिबंधक पंप बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका. ‘पंपाची सवय लागते’ हा गैरसमज आहे. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेतलं तर औषध घशात न साचता फुप्फुसात नीट पोचतं. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरा. धाप लागून वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, तर वाफ देत बसू नका. लगेच आराम देणारा पंप द्या, माणसाला बसतं ठेवा आणि १०८ ला फोन करा.