शेजारी मांजर, घरात शिंका: सामायिक इमारतीत पाळीव प्राण्यांच्या अ‍ॅलर्जीसह राहताना

आपण स्वतः मांजर किंवा कुत्रा पाळलेला नसताना, किंबहुना घरात प्राण्याचे पाऊलही पडलेले नसताना, सकाळी उठल्याबरोबर शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात आणि रात्री नाक चोंदून झोपमोड होते, असा अनुभव अनेक मजली इमारतीत राहणाऱ्या पुष्कळांना येतो. स्वतंत्र घरात राहणाऱ्याला ‘प्राणी घरात आणू नका’ एवढा सल्ला बहुधा पुरतो. भिंती, जिना, लिफ्ट आणि हवा यांत इतरांचा वाटा असणाऱ्याला तो पुरत नाही. शेजाऱ्याच्या प्राण्यावर आपला ताबा चालत नाही. आपल्या घरात येणारी हवा आणि आपल्या घरातले कापड यांवर मात्र तो बऱ्यापैकी चालतो, म्हणून खालील उपायांचा भर त्या दोहोंवर आहे.

आधी निदान, मग तक्रार

धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव, भिंतीवरची बुरशी आणि झुरळे यांच्यामुळेही हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याविषयी वर्षभर कुरकुर केली. चाचणी झाली तेव्हा कुत्रा निर्दोष सुटला आणि दोष गृहस्थांच्याच जुन्या गादीतल्या माइटांकडे निघाला. तोपर्यंत शेजाऱ्याशी बोलणे बंद झाले होते ते झालेच.

साध्या सर्दीत कधी अंग मोडून येते, बारीक ताप येतो आणि आठ-दहा दिवसांत सारे निवळते. अ‍ॅलर्जीत ताप नसतो, नाकाला आणि डोळ्यांना खाज सुटते, नाकातून पातळ पाणी वाहते आणि कारण दूर होईपर्यंत त्रास हटत नाही. दोन-तीन आठवडे एक साधी नोंदवही ठेवावी: त्रास कोणत्या वेळी, कोणत्या खोलीत, खिडकी उघडी असताना की बंद असताना वाढला, आणि चार दिवस बाहेरगावी राहिल्यावर काय झाले. ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्यास निम्मे काम झालेले असते. त्वचेवरच्या चाचणीत हाताच्या पुढच्या भागावर किंवा पाठीवर निरनिराळ्या अ‍ॅलर्जनांच्या, म्हणजे अ‍ॅलर्जी उठवणाऱ्या पदार्थांच्या, अर्काचे थेंब ठेवून त्वचा हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांत उठणारी गांध मोजतात. अँटिहिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीची लक्षणे दाबणाऱ्या, गोळ्या चालू असतील तर गांध उठतच नाही, त्यामुळे त्या काही दिवस आधी बंद कराव्या लागतात. किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारावे. गोळ्या थांबवणे शक्य नसेल तर रक्तातील विशिष्ट आयजीई प्रतिपिंडांची (अ‍ॅलर्जीत शरीर तयार करते त्या प्रथिनांची) चाचणी करता येते. कोणतीही चाचणी नुसती ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणजे त्रासाचे कारण तेच, असे मात्र होत नाही. चाचणी आणि वहीतल्या नोंदी यांचा मेळ बसला पाहिजे.

नाकात नेमके काय जाते

केस हा खरा गुन्हेगार नव्हे. मांजराच्या बाबतीत मुख्य अ‍ॅलर्जन म्हणजे ‘फेल डी १’ नावाचे प्रथिन. ते मांजराच्या त्वचेतील तैलग्रंथींत आणि लाळेत तयार होते, अंग चाटताना केसांवर पसरते, वाळते आणि त्वचेच्या कोंड्याबरोबर हवेत उडते. त्याचे पुष्कळसे कण ५ मायक्रॉनपेक्षाही (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असतात, त्यामुळे ते तासन्‌तास हवेत तरंगू शकतात आणि श्वासनलिकेत खोलवर पोहोचतात. शिवाय हे प्रथिन कपड्यांना आणि भिंतींना चिकटून बसते. मांजर पाळणाऱ्यांच्या कपड्यांवरून ते जेथे मांजर कधीच नव्हते अशा शाळांत आणि कार्यालयांतही जाऊन पोहोचते, हे मोजमापांतून दिसून आलेले आहे. कुत्र्याच्या बाबतीत ‘कॅन एफ १’ हे मुख्य प्रथिन लाळेत आणि कोंड्यात आढळते.

‘आमचा कुत्रा केस गाळत नाही’ असे शेजारी सांगतील तेव्हा ते खरे बोलत असतील, पण त्याने आपल्याला फरक पडत नाही. अ‍ॅलर्जी होत नाही म्हणून खपवल्या जाणाऱ्या जातींच्या कुत्र्यांच्या घरांत अ‍ॅलर्जनचे प्रमाण इतर कुत्र्यांच्या घरांपेक्षा कमी आढळलेले नाही.

हवेची वाट शोधणे

बहुतेक लोक येथेच घाई करतात आणि थेट महागडे यंत्र विकत आणतात. त्याआधी अर्धा तास खर्चून पुढील प्रयोग करावा. पातळ टिश्यू कागदाची बोटभर रुंदीची, वीतभर लांबीची पट्टी कापावी. घराच्या सर्व खिडक्या बंद कराव्यात, स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू करावा आणि ती पट्टी मुख्य दाराच्या खालच्या फटीसमोर धरावी. पट्टी घराच्या आत झुकली, तर बाहेरच्या सामायिक मार्गिकेतली हवा आपल्या घरात ओढली जात आहे. मग हीच पट्टी सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तेथे, शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीवरच्या विजेच्या खोक्यांपाशी आणि न्हाणीघराच्या झरोक्यापाशी धरून पाहावी.

मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा पट्टी सिंकखालच्या भोकापाशी अक्षरशः फडफडली. घर शुद्ध राहावे म्हणून मी एक्झॉस्ट पंखा दिवसभर चालू ठेवत असे. प्रत्यक्षात तोच पंखा शेजारच्या घरातली हवा पाइपाभोवतीच्या फटीतून माझ्या स्वयंपाकघरात आणून सोडत होता. पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कोठून तरी आत यावीच लागते, आणि खिडकी बंद असेल तर ती मिळेल त्या फटीतून येते. म्हणून एक्झॉस्ट पंखा लावताना बाहेरच्या मोकळ्या हवेकडे उघडणारी एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि काम झाले की पंखा बंद करावा.

उंच इमारतींत आणखी एक गोष्ट घडते. बाहेर थंडी आणि आत ऊब असेल तेव्हा आतली हलकी हवा जिन्यातून आणि लिफ्टच्या पोकळीतून वर चढते. खालच्या मजल्यांवर बाहेरची हवा आत शिरते आणि वरच्या मजल्यांवर मार्गिकेतली हवा घरांमध्ये ढकलली जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा त्रास थंडीत वाढत असेल, तर खिडक्या बंद राहण्याबरोबर हेही एक कारण असू शकते.

वाट सापडली की ती बुजवणे फारसे अवघड नाही. पाइपाभोवतीच्या लहान फटींत सिलिकॉन सीलंट भरावे, विजेच्या खोक्यांच्या झाकणामागे वीजप्रवाह बंद करून फोमची तयार गास्केट बसवावी आणि मुख्य दाराच्या खालच्या कडेला रबरी किंवा ब्रशची पट्टी लावावी. दार अग्निरोधक असेल, किंवा पाइप आग अडवणाऱ्या भिंतीतून जात असेल, तर व्यवस्थापनाला विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण तेथे ठरावीक साहित्यच वापरावे लागते. गॅसच्या उपकरणासाठी ठेवलेला वायुवीजनाचा झरोका कोणत्याही परिस्थितीत बुजवू नये. इमारतीत मध्यवर्ती वातानुकूलन असेल तर फिल्टर कोणत्या दर्जाचा आहे आणि तो शेवटचा केव्हा बदलला, हे लेखी विचारावे. मर्व्ह (फिल्टर किती बारीक कण अडवतो याची श्रेणी) १३ किंवा त्यावरचा फिल्टर यंत्रणेला पेलत असेल तर त्याचा उपयोग होतो. घरातला स्प्लिट एसी मात्र सहसा खोलीतलीच हवा फिरवत राहतो, त्यामुळे त्याची जाळी नियमित धुण्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

एक खोली तरी राखावी

सगळे घर एकाच वेळी स्वच्छ ठेवण्याच्या नादात माणूस महिन्याभरात थकतो. दिवसाचे सात-आठ तास आपण ज्या खोलीत काढतो, ती झोपण्याची खोली आधी हाती घ्यावी. गालिचा, जाड पडदे आणि कापडी खुर्च्या तेथून हलवाव्यात. गादी आणि उशा यांना घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घालावी; माइटांच्या अ‍ॅलर्जनसाठी १० मायक्रॉनपेक्षा बारीक छिद्रांची खोळ पुरते, पण मांजराचे अ‍ॅलर्जन अडवायचे तर ती ६ मायक्रॉनपेक्षा बारीक लागते. विकत घेताना हा आकडा वेष्टनावर पाहावा. बाहेरून आल्यावर अंगावरचे कपडे याच खोलीत न बदलता दाराजवळ किंवा न्हाणीघरात बदलावेत, आणि झोपण्यापूर्वी केस धुणे जमत नसेल तर निदान ओल्या पंच्याने पुसावेत.

हवा शुद्ध करणारे यंत्र घेताना खऱ्या हेपा फिल्टरचा आग्रह धरावा. त्या दर्जाचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. यंत्राचा शुद्ध हवेचा दर (ठरावीक वेळात ते किती शुद्ध हवा देते तो आकडा) खोलीच्या आकाराला पुरेसा असावा, दार बंद असावे आणि यंत्र अखंड चालू असावे. तासभर चालवून बंद केलेल्या यंत्राचा परिणाम लवकरच ओसरतो. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत, कारण ओझोनने श्वासनलिकेचा दाह वाढतो. शिवाय गादीत किंवा सोफ्यात बसलेले अ‍ॅलर्जन यंत्राने निघत नाही. त्यासाठी ओले फडके आणि हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर लागतो, साधा क्लीनर बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत सोडतो. झाडलोट अ‍ॅलर्जी नसलेल्या व्यक्तीने करावी. ते शक्य नसेल तर एन ९५ मास्क लावून करावी.

लिफ्ट, मार्गिका आणि सामायिक धुलाई

लिफ्टची छोटी बंद पेटी ही अ‍ॅलर्जी असलेल्यांची सर्वांत नावडती जागा. कुत्रा नुकताच उतरला असेल तर शक्य असल्यास जिना घ्यावा, नाहीतर मास्क लावावा. सामायिक धुलाईयंत्र वापरण्यापूर्वी एक फेरी नुसत्या पाण्याने चालवावी, वाळवणीयंत्राची जाळी स्वतः साफ करावी, आणि आपले कपडे दोनदा खळबळावेत. प्राण्यांची ही प्रथिने पाण्यात विरघळतात, त्यामुळे भरपूर पाण्याने खळबळणे हाच खरा उपाय आहे. माइटही मारायचे असतील तर पाणी ६० अंश सेल्सिअस असावे.

प्राणी त्याच घरात असेल तर

घर वाटून राहणाऱ्या सोबत्याचाच प्राणी असेल तर तडजोड अधिक काटेकोर हवी. आपल्या झोपण्याच्या खोलीत प्राणी एकदाही येणार नाही, हा नियम ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणून मोडला की मोडलाच. प्राण्याचे केस विंचरणे आणि मांजराची विष्ठापेटी साफ करणे ही कामे सोबत्याची. कुत्र्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ घातल्यास अ‍ॅलर्जन कमी होते, पण ते काही दिवसांत पुन्हा वाढते; मांजराच्या आंघोळीचाही परिणाम असाच अल्पकाळ टिकतो आणि मांजराचा रोष मात्र दीर्घकाळ टिकतो. खच्ची केलेला बोका न केलेल्या बोक्यापेक्षा कमी अ‍ॅलर्जन तयार करतो, हेही सोबत्याला सांगण्याजोगे आहे.

शेजाऱ्यांशी आणि व्यवस्थापनाशी बोलणे

पहिली भेट समोरासमोर व्हावी आणि तीत प्राण्याविषयी नव्हे, तर एका ठरावीक कृतीविषयी बोलावे. ‘तुमच्या मांजरामुळे माझे जगणे कठीण झाले आहे’ या वाक्याला उत्तर नसते. ‘गालिचा मार्गिकेत झटकण्याऐवजी गच्चीवर झटकता येईल का? मला दमा आहे आणि त्या दिवशी रात्रभर त्रास होतो,’ असे विचारले की हो किंवा नाही म्हणता येते, आणि बहुतेक माणसे हो म्हणतात. प्राणी काढून टाका, अशी मागणी करू नये. ती बहुधा मान्य होत नाही, आणि अनेक देशांत दिव्यांग व्यक्तींच्या साहाय्यक प्राण्यांना कायद्याचे संरक्षण असते.

व्यवस्थापनाकडे जाताना नोंदवही, चाचणीचा अहवाल आणि डॉक्टरांचे पत्र सोबत ठेवावे व विनंती लेखी द्यावी. मागणी मोजकी आणि पार पाडता येण्याजोगी असावी: मार्गिकेतल्या गालिच्याऐवजी पुसता येणारी फरशी, वायुवाहिन्यांची सफाई, प्राण्यांसाठी एक लिफ्ट ठरवून देणे, किंवा रिकामे होणारे दुसरे घर आधी देऊ करणे.

औषधे

घर कितीही राखले तरी अ‍ॅलर्जन शून्यावर येत नाही, त्यामुळे औषध घेणे ही हार मानू नये. सेटिरिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन यांसारख्या अँटिहिस्टामिनांनी शिंका आणि खाज कमी होते. सेटिरिझिनने काहींना झोप येते. चोंदलेल्या नाकासाठी स्टेरॉइडचा नाकातला फवारा अधिक परिणामकारक असतो, पण त्याचा पुरता गुण यायला अनेक दिवस लागतात, आणि नेमके तेवढ्यातच लोक ‘उपयोग नाही’ म्हणून तो सोडून देतात. मिठाच्या पाण्याने नाक धुताना पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड असावे, थेट नळाचे नसावे. इम्युनोथेरपीचा, म्हणजे अ‍ॅलर्जन थोडे थोडे देऊन शरीराला त्याची सवय लावण्याचा, उपचार साधारण ३ ते ५ वर्षे चालतो. तो तज्ज्ञाशी बोलून ठरवावा.

छातीतून शिट्टीसारखा आवाज येणे किंवा रात्री खोकल्याने जाग येणे ही दम्याची चिन्हे असू शकतात आणि त्यांसाठी डॉक्टरांना लवकर भेटावे. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा आराम देणाऱ्या इनहेलरनेही दम बसत नसेल, तर तातडीची वैद्यकीय मदत मागवावी.

घर बदलताना

नव्या घरात पूर्वी कोण राहत होते आणि त्यांच्याकडे प्राणी होता का, हे करार करण्यापूर्वी विचारावे. मांजर घरातून गेल्यावरही अ‍ॅलर्जनचे प्रमाण मांजर नसलेल्या घराइतके खाली यायला सुमारे २० ते २४ आठवडे लागू शकतात, आणि जुना गालिचा किंवा गादी तशीच राहिली तर त्याहूनही अधिक. गालिचे काढून टाकणे, भिंती व कपाटे आतून पुसून घेणे आणि वायुवाहिनीचा फिल्टर बदलणे या अटी करारात लिहून घ्याव्यात. घर पाहायला जाताना टिश्यू कागदाची ती पट्टी खिशात असू द्यावी, आणि शक्य झाल्यास खिडक्या बंद करून तासभर तेथे बसून पाहावे.