जागतिक व्यापारात उतरताना देश हमखास ज्या चुका करतात, त्या टाळा

अर्थशास्त्र शिकणाऱ्या भाच्याने परवा विचारलं, मामा, देशादेशांत एवढे व्यापार करार होतात, आयातीवरची ड्युटी म्हणजे कर शून्य होतो, मग काही देशांची भरभराट होते आणि काही आहेत तिथेच का राहतात? मी बरीच वर्षं न्हावाशेवा बंदरावर सीएचएच्या (मालाचं कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटच्या) ऑफिसात आयात-निर्यातीचे कागद करण्यात घालवलीत, त्यामुळे थिअरी त्याला जास्त माहीत, मला सगळं बंदराच्या गेटवरून दिसतं. आणि गेटवरून जे दिसतं ते असं की गरीब देशाचा माल परदेशी बाजारात मार खातो त्याचं कारण बऱ्याचदा परदेशात नसतंच, आपल्याच घरात असतं. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

निर्यात म्हणजे पुण्य, आयात म्हणजे पाप

सगळ्यात मोठी चूक ही, म्हणून हिच्यावर जास्त वेळ घालवतो. शर्ट निर्यात करायचा तर कापड, बटणं, झिप, अस्तर, लेबल सगळं लागतं. ते आपल्याकडे चांगलं आणि स्वस्त मिळत असेल तर उत्तमच, पण मिळत नसेल तर बाहेरून आणावं लागणार, आणि त्याच्यावर सरकारने ड्युटी लावली की ती ड्युटी शर्टाच्या किमतीत जाऊन बसते, मग जर्मनीतलं गिऱ्हाईक म्हणतं तुमच्या सरकारची ड्युटी मी का भरू, मी दुसरीकडून घेतो. म्हणजे आयातीवर लावलेला कर फिरून आपल्याच निर्यातीच्या डोक्यावर बसला की नाही? आपण हे अनेक दशकं केलं. १९९१ च्या बजेटमध्ये आयात ड्युटीचा कमाल दर १५० टक्क्यांवर *आणला*, आणि ती मोठी सुधारणा होती, यावरून आधी काय असेल ते समजून घ्या.

आता बांगलादेश बघा. १९७९ मध्ये तिथल्या देश गार्मेंट्स या कंपनीने १३० लोक कोरियात देवू कंपनीकडे शिवणकाम, कटिंग, मार्केटिंग असं सगळं शिकायला पाठवले. परत आल्यावर त्यातले बहुतेक जण काही वर्षांत नोकरी सोडून गेले, कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. मालकाचं नुकसान, पण देशाला लॉटरी लागली! ही गोष्ट सगळे सांगतात, पण तिचा कंटाळवाणा अर्धा भाग कुणी सांगत नाही आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. निर्यातीच्या दर्जाचं कापड तेव्हा त्यांच्याकडे नव्हतं. मग त्यांनी दोन सोयी केल्या. एक बाँडेड वेअरहाऊस, म्हणजे कापड बाहेरून आणा, ड्युटी भरू नका, कस्टम्सच्या नजरेखाली गोदामात ठेवा, कपडे शिवून बाहेर पाठवलेत की हिशोब चुकता. दुसरी बॅक टू बॅक एलसी (एलसी म्हणजे माल पाठवल्याचे कागद दाखवले की पैसे देण्याची बँकेची हमी), म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाने तुमच्या नावाने उघडलेली एलसी बँकेला दाखवायची आणि तिच्या जोरावर कापडवाल्याच्या नावाने दुसरी एलसी उघडून घ्यायची, शर्ट गेले, पैसे आले की बँक आधी कापडवाल्याचे वळते करणार आणि उरलेले तुमचे. खिशात दमडी नसलेला माणूससुद्धा कारखाना चालवू शकला तो याच्यामुळे. आज तयार कपड्यांच्या निर्यातीत ते जगात अगदी वरच्या नंबरात आहेत.

मग काय, सगळी ड्युटी उडवून टाकायची का, असं भाच्याने लगेच विचारलंच. तसं नाही रे बाबा. मॉरिशस बघ. (तिथे आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या राहतात, त्यामुळे हे जरा घरचंच उदाहरण.) १९६१ च्या सुमाराला जेम्स मीड, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी या बेटाचं काही खरं नाही असं म्हटलं होतं, सगळी भिस्त उसावर आणि लोकसंख्या भराभर वाढणारी. मॉरिशसने १९७० मध्ये निर्यातीसाठी वेगळ्या झोनचा कायदा केला, त्यातल्या कारखान्यांना कच्चा माल बिनड्युटीचा, पण देशातल्या बाजारासाठी माल बनवणाऱ्यांना संरक्षण बराच काळ तसंच ठेवलं. एकाच देशात दोन रुळ. पुस्तकात बसत नाही, पण चाललं. शिवाय झोनमधला कारखाना बेटावर कुठेही टाकायची मुभा होती, कुंपण घातलेली वसाहतच हवी असं नव्हतं.

त्यामुळे ऑर्डरी येतायत पण कारखानदाराच्या हातात काही उरत नाही असं लक्षण दिसलं तर आधी मजुरीकडे बोट दाखवू नका. कच्च्या मालावर ड्युटी जास्त आणि तयार मालावर कमी असा उलटा प्रकार तर नाही ना ते बघा, आणि माल निर्यात केला की कच्च्या मालावर भरलेली ड्युटी परत मिळते म्हणतात ती हातात किती महिन्यांनी पडते तेही बघा. कागदावर परतावा असतो, मध्ये सहा महिने व्याज कोण भरतो? छोटा माणूस तिथेच मरतो.

करार झाला, पेढे वाटले

करारावर सही होणं म्हणजे साखरपुडा, संसार पुढे असतो. ड्युटी शून्य झाली तरी ती आपोआप मिळत नाही, माल खरंच तुमच्याच देशात बनला हे सिद्ध करावं लागतं, किती टक्के किंमत देशात तयार झाली, कच्च्या मालाचा एचएस कोड (कस्टम्समध्ये प्रत्येक प्रकारच्या मालाला असलेला नंबर) आणि तयार मालाचा एचएस कोड वेगळा आहे का, असे प्रत्येक करारात वेगळे नियम. एकदा आमच्याच ऑफिसात एका पार्टीच्या इन्व्हॉइसवर एक कोड आणि सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल कुठल्या देशात बनला त्या दाखल्यावर, दुसरा पडला, दोन आकड्यांचा फरक, तिकडच्या कस्टम्सने सवलत नाकारली, गिऱ्हाइकाने पूर्ण ड्युटी भरली आणि आमच्या पार्टीच्या पेमेंटमधून कापली. मोठ्या कंपनीत यासाठी माणूस बसवलेला असतो. छोट्याला वाटतं मरू दे ती सवलत, नेहमीच्या ड्युटीत पाठवू, विशेषतः नेहमीची ड्युटीच दोन-तीन टक्के असेल तर. मग करार असतो, वापर नसतो.

व्हिएतनामने करार कसे वापरले ते बघण्यासारखं आहे. १९८६ मध्ये त्यांनी दोई मोई नावाने सुधारणा सुरू केल्या, म्हणजे आधी घर आवरायला घेतलं, आधी तांदूळ आयात करणारा देश १९८९ पासून निर्यात करायला लागला. मग १९९५ ला आसियान हा आग्नेय आशियाई देशांचा गट, २००१ मध्ये अमेरिकेबरोबरचा व्यापार करार लागू, ११ जानेवारी २००७ ला डब्ल्यूटीओ म्हणजे जागतिक व्यापार संघटना, २०२० मध्ये युरोपियन युनियनबरोबरचा करार. प्रत्येक कराराच्या निमित्ताने त्यांनी स्वतःचे कायदे बदलून घेतले. बाहेरच्याला शब्द दिलाय म्हणून आत बदल करावाच लागेल, अशी अंतर्गत राजकारणाला वेसण. सॅमसंगसारख्या कंपन्या तिथे गेल्या त्या स्वस्त मजुरीसाठी गेल्या हे खरंच, पण स्वस्त मजुरी तर पन्नास देशांत आहे की.

बॉर्डरचं एक सांगून पुढे जातो. झांबिया आणि झिंबाब्वेच्या मधल्या चिरुंडूला ट्रक दिवसेंदिवस उभे असायचे, कारण एका बाजूचे कागद झाले की नदी ओलांडून पुन्हा तेच कागद. २००९ मध्ये दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसवले आणि वेळ खूप खाली आला. ड्युटी एक पैसा कमी न करता. ट्रक उभा राहिला की ड्रायव्हरचा भत्ता, डिटेन्शन म्हणजे गाडी अडकून राहिल्याचा आकार, नाशवंत माल असेल तर मालच, हे सगळं ड्युटीसारखंच असतं, फक्त ते कुणाच्याच तिजोरीत जात नाही.

नियम म्हणजे गोऱ्यांचा डाव

कधीकधी असतो पण! स्वतःच्या शेतकऱ्याला वाचवायला श्रीमंत देश नियम वाकवतात यात वाद नाही. पण प्रत्येक वेळी डाव म्हणून बसलात तर बाजार जातो. आपल्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांनी हे अंगावर घेतलंय. २०१० मध्ये युरोपात आपली द्राक्षं अडकली, कारण क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात, वेलीची वाढ रोखायला मारतात ते. इथल्या लॅबमध्ये माल पास होता, कारण आपल्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतंच. कंटेनर तिकडे, कर्ज इकडे, असे दिवस काढले लोकांनी. पुढे यादीत ते आलं, आणि ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत बागेची नोंदणी, नमुना, लॅबचा रिपोर्ट, पॅकहाऊस असा सगळा माग आधीपासून होता म्हणून सावरता आलं. कुठल्या बॉक्समधली द्राक्षं कुठल्या प्लॉटवरची हे सांगता येत असेल तर एका बागेची चूक सगळ्या तालुक्याला भोवत नाही.

आंब्याचं तसंच. १ मे २०१४ पासून युरोपियन युनियनने आपला आंबा बंद केला, जोडीला वांगी, कारली, पडवळ आणि अळू. फळमाशी सापडली होती. त्या वर्षी लंडनमधल्या मराठी घरांत हापूसशिवाय उन्हाळा गेला. इकडे पॅकहाऊसमध्ये गरम पाण्याच्या प्रक्रियेवर जोर दिला, तपासणी कडक केली, आणि पुढच्या वर्षीच्या सीझनआधी आंब्यावरची बंदी उठली. अमेरिकेत तर २००७ पासून आंबा जातो तो विकिरण करून, म्हणजे कीड मारायला किरणांचा मारा करून, आणि ते सुरुवातीला झालं लासलगावच्या केंद्रात, जे मुळात कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभं केलं होतं.

म्हणजे रिजेक्शन वाढली तर बघायची जागा ही: समोरच्याच्या यादीत काय आहे आणि आपल्या लॅबच्या यादीत काय नाही. मंत्र्याचं निषेधाचं पत्र नंतर.

एका रात्रीत दार सताड उघडणं

हैतीने १९९५ मध्ये तांदळावरची ड्युटी थेट ३ टक्क्यांवर आणली, अमेरिकेचा दबाव होता. अमेरिकेतला सबसिडीवाला तांदूळ आला, गावचा शेतकरी उठला, शहराकडे गेला. २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी जाहीरपणे कबूल केलं की ती चूक होती, आर्कान्सामधल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं पण हैतीचं नाही. आर्कान्सा म्हणजे त्यांचंच राज्य, तेव्हा बोलणं किती कठीण गेलं असेल ते असो, शेतकऱ्याला काय त्याचं.

मोझांबिकमध्ये नव्वदच्या दशकात वर्ल्ड बँकेच्या सल्ल्याने कच्च्या काजूच्या निर्यातीवरची बंधनं सैल केली. हिशोब असा की शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. कच्चा काजू भारतात यायला लागला, तिथले काजू फोडायचे कारखाने बंद पडले, हजारो लोकांची, त्यात बायका खूप, कामं गेली, आणि वाढलेल्या भावातलं शेतकऱ्यापर्यंत फार थोडं पोचलं, मधल्यांनीच ठेवून घेतलं. आपल्या कोकणातले कारखानेही आफ्रिकेचा काजू फोडतात, त्यामुळे या गोष्टीत आपण दुसऱ्या बाजूला आहोत, हे विसरायला नको. दार उघडणं चुकीचं नव्हतं हो, पण कारखाना बंद पडलेल्या बाईने सोमवारपासून काय करायचं याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

एकच माल

बांगलादेशचं कौतुक केलं, आता दुसरी बाजू. त्यांच्या निर्यातीत ८० टक्क्यांच्या वर वाटा कपड्यांचा. युरोपात ड्युटी लागत नाही ती अतिगरीब देश म्हणून, त्या यादीतून बाहेर पडल्यावर सवलत कायमची राहणार नाही. आणि २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून जास्त माणसं गेली, आदल्या दिवशी भिंतीला तडे दिसले होते तरी लोकांना कामावर बोलावलं होतं. ऑर्डरची तारीख चुकू नये म्हणून. त्यानंतर परदेशी ब्रँड्सना इमारती तपासण्याच्या करारावर सह्या कराव्या लागल्या. यावर मी जास्त काही लिहीत नाही.

आज चालू, उद्या बंद

ही आपली खास चूक. कांदा. २०१९ च्या सप्टेंबरात बंदी, मार्चमध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, अचानक, ट्रक बांगलादेशच्या बॉर्डरवर उभे, जानेवारीत उठली. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात ड्युटी, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान किंमत, ८ डिसेंबरला बंदी, मे २०२४ मध्ये उठवली पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के ड्युटी ठेवून, सप्टेंबरात ड्युटी २० वर, १ एप्रिल २०२५ ला शून्य. वाचताना दम लागला ना, मग ज्याने ढाक्याला किंवा दुबईला वर्षभराचं बोलणं केलंय त्याचं काय झालं असेल. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा महाग पडू नये हे सरकारला बघावंच लागतं, मला मान्य आहे, पण त्यासाठी आधी साठा करता येतो, ड्युटी टप्प्याटप्प्याने आणि तारीख आधी सांगून लावता येते, बंदरात पोचलेला माल सोडता येतो. एका रात्रीत नोटिफिकेशन काढलं की त्या दिवशीचा कांदा देशात राहतो आणि गिऱ्हाईक पाकिस्तानकडे, तुर्कस्तानकडे, इजिप्तकडे जातं, आणि बांगलादेशासारखा देश स्वतःची लागवड वाढवायला घेतो. बंदी उठते तेव्हा ते सगळे परत येत नाहीत.

मागे एकदा निर्यात उघडल्यावर आमच्या ओळखीच्या एका निर्यातदाराने दुबईच्या जुन्या व्यापाऱ्याला फोन लावला, मी समोरच बसलो होतो, स्पीकर चालू. भाव, साइज, रंग कशाबद्दलही त्याने विचारलं नाही. पहिला प्रश्न, "भाई, इस बार कितने दिन के लिए खुला है?" आणि मग दोन कंटेनरची ऑर्डर दिली, पूर्वी वीस घ्यायचा.