ट्रायल वाचायला शिकायचे तर एकच पेपर पुरता उकला

एमडी, फार्मसी किंवा नर्सिंग करताना क्लिनिकल ट्रायल समजून घ्यायची असेल, तर दहा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट चाळू नका. एकच पेपर घ्या, शेजारी कॅल्क्युलेटर ठेवा. सुरुवातीला ब्रिटनमधल्या रिकव्हरी या कोविड उपचारांच्या ट्रायलचा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवरचा पेपर उत्तम.

निकालाआधी मेथड्स वाचा. कोणाला घेतले, कशाशी तुलना केली, मुख्य प्रश्न कोणता, हे वहीत उतरवा. इथे कोविडने रुग्णालयात दाखल झालेले लोक होते. औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. मुख्य प्रश्न: २८ दिवसांत किती दगावले? प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, नव्हता; औषध कोणाला चालू आहे हे डॉक्टरांना आणि रुग्णांना ठाऊक होते. 'बरे वाटते का' असा प्रश्न असता तर निकालावर भरवसा ठेवता आला नसता. मृत्यूच्या नोंदीत तशी गफलत सहसा होत नाही.

आता आकडे. डेक्साच्या गटात २,१०४ पैकी ४८२ मृत्यू, नेहमीच्या उपचारांत ४,३२१ पैकी १,११०. म्हणजे २२.९ आणि २५.७ टक्के. भागाकार केला की ०.८९ येते आणि पेपरात छापलेय ०.८३! बहुतेक नवखे इथेच अडतात. डेक्साच्या गटाचे सरासरी वय १.१ वर्षांनी जास्त निघाले, म्हणून वयाचा हिशेब धरून गुणोत्तर काढले. लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: हे आधी ठरले होते का? नव्हते. लेखकांनी ते सरळ लिहिले आहे आणि दुरुस्तीशिवायही निष्कर्ष तोच राहतो, हेही सांगितले आहे. अशा पेपरवर विश्वास बसतो.

सरासरीच्या पोटात काय दडलेय ते पाहा. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्क्यांवर आले, म्हणजे साधारण आठ जणांना औषध दिले की एक जीव वाचतो. ऑक्सिजन न लागणाऱ्यांत मात्र डेक्सासह १७.८, त्याविना १४.० टक्के. या दोहोंच्या गुणोत्तराचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरे गुणोत्तर ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो, ०.९२ ते १.५५. त्यात १, म्हणजे 'फरक नाही', येतो, म्हणून अपाय सिद्ध झाला असे म्हणता येत नाही, पण फायदा दिसत नाही हे नक्की. २०२१ च्या लाटेत आपल्याकडे ऑक्सिजन न लागणाऱ्या कितीतरी जणांना घरीच स्टेरॉइड सुरू झाले. ही एक ओळ नीट वाचली जायला हवी होती.

सबग्रुपवर, म्हणजे रुग्णांच्या अशा लहान गटांतल्या निकालावर, लगेच भाळूही नका. १९८८ च्या आयसिस-२ या हृदयविकाराच्या झटक्यावरच्या ट्रायलमध्ये १७,१८७ रुग्ण होते आणि अ‍ॅस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे घटले. तरी राशीवार तुकडे पाडले, तेव्हा मिथुन आणि तूळवाल्यांना त्याचा किंचित तोटाच दिसला, अर्थात निव्वळ योगायोगाने. रिकव्हरीतले ऑक्सिजन-व्हेंटिलेटरच्या गरजेनुसारचे गट आधीच ठरलेले होते आणि आजार जितका गंभीर तितका फायदा जास्त, असा क्रमही दिसतो. फरक इथे आहे.

भारतातली ट्रायल असेल तर सीटीआरआय या भारताच्या ट्रायल-नोंदवहीतली नोंद उघडा. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी व्हावी लागते. नोंदीतला प्रायमरी आउटकम, म्हणजे मुख्य प्रश्न, आणि पेपरातला, दोन्ही शब्दाला शब्द ताडून पाहा.