प्रथम वर्षाच्या वर्गात नवी मुलं रुळावीत म्हणून

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ची, म्हणजे नव्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयाची ओळख करून देणाऱ्या कार्यक्रमाची, मार्गदर्शक तत्त्वं दिली. सभागृहातलं स्वागत, प्राचार्यांचं भाषण, ग्रंथालयाची फेरी हे आता बऱ्याच महाविद्यालयांत होतं. पण शंभर-सव्वाशे जणांच्या वर्गात एकटं बसलेलं मूल टिकेल की हळूहळू येईनासं होईल, हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ठरतं. ते काम वर्गावर जाणाऱ्या प्राध्यापकाचं आहे.

१. हजेरी पहिल्या नावाने घ्या. निदान पहिले दोन आठवडे नुसता रोल नंबर नको आणि नुसतं आडनावही नको. आडनाव पुकारलं की आपल्याकडे जातीचा अंदाज बांधणं सुरू होतं. उच्चार नक्की माहीत नसेल तर त्या मुलालाच विचारा.

२. ओळख करून घेताना प्रश्न बदला. ‘बारावीला किती टक्के, वडील काय करतात’ हे भर वर्गात विचारू नका. शेजारी बसलेल्या दोघांना पाच मिनिटं बोलू द्या, मग एकाने दुसऱ्याची ओळख करून द्यावी. विचारायचं एवढंच: कॉलेजला कसे येता, किती वेळ लागतो, हा विषय का घेतला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं टिपून ठेवा. जिची एसटी सकाळच्या पहिल्या तासाआधी पोचूच शकत नाही, तिला रोज दाराशी थांबवण्यात शिस्त नाही, अन्याय आहे.

३. मराठीत शंका विचारायची मुभा पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत द्या. मराठी माध्यमातून आलेली अनेक मुलं इंग्रजी तासाला गप्प बसतात. त्यांना विषय कळत नाही असं नसतं, वाक्य चुकेल आणि कुणी हसेल ही भीती असते. फळ्यावर पारिभाषिक शब्द इंग्रजीत लिहा, सावकाश उच्चारा, अर्थ मराठीत सांगा. प्रश्न विचारल्यावर लगेच हात वर करायला लावू नका. दोन मिनिटं वहीत लिहू द्या, शेजाऱ्याशी बोलू द्या, मग उत्तर मागा. तासाच्या शेवटी बिननावाच्या चिठ्ठीवर एक शंका लिहून घ्या आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्या दोन-तीन शंकांनी करा. चुकलेल्या इंग्रजीवर कुणी हसलं तर तिथल्या तिथे थांबवा. तुम्ही गप्प राहिलात तर तुमची संमती आहे असंच वर्ग समजतो.

४. शिष्यवृत्तीची सूचना सगळ्यांना एकत्र द्या. याबाबत मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे. ‘एससी, एसटी, ओबीसीवाल्यांनी उभं राहा, महाडीबीटीचा फॉर्म भरला का?’ असं वर्गात विचारणं म्हणजे मुलांवर सगळ्यांसमोर शिक्का मारणं. त्याच बाकावरून मागाहून कुजबूज ऐकू येते आणि ते मूल पुढची तीन वर्षं मागे बसतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती-अर्जांच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या प्रवर्गांच्या तशाच आर्थिकदृष्ट्या मागास घटकांसाठीच्या योजना आहेत, तेव्हा मुदत आणि लागणारे दाखले सगळ्या वर्गाला सांगा. कुणाचा अर्ज अडला असेल तर तासानंतर स्टाफरूममध्ये एकेकाला भेटा. अपंग विद्यार्थ्याला काय सोय हवी, हेही असंच एकट्याला विचारा. जिना चढता येत नसेल तर वर्ग तळमजल्यावर आणा.

५. गट तुम्ही पाडा. मुलांवर सोडलं तर एकाच ज्युनिअर कॉलेजची, एकाच हॉस्टेलची मुलं एकत्र येतात आणि उरलेली शेवटी ‘कुणी घेतं का’ म्हणून उभी राहतात. चार-पाच जणांचा गट पुरे, महिन्याने बदला.

६. उशिरा प्रवेश घेतलेल्यांची वेगळी दखल घ्या. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, तोवर बाकांवरच्या जोड्या जमलेल्या असतात. नव्याला वर्गातल्या एकाची सोबत द्या, बुडालेल्या भागाच्या वह्या मिळवून द्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर घ्या. सूचना फलकावरही लावा, प्रत्येकाच्या हाती स्वतःचा फोन असतोच असं नाही.

७. रॅगिंगविषयी पहिल्या आठवड्यात बोला. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ फळ्यावर लिहा आणि सगळ्यांना उतरवून घ्यायला लावा.

८. तिसऱ्या आठवड्यात हजेरीपट उघडा. सलग चार-पाच दिवस कोण आलं नाही ते पाहा आणि त्यांना स्वतः फोन करा. ‘का येत नाहीस?’ असा जाब नको. ‘काही अडचण आहे का, खोली मिळाली का, पासचं काम झालं का?’ असं विचारा, आणि जी अडचण कळेल ती सुटेपर्यंत तिच्यामागे लागा.